उतरती आच

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक जरा पातळ असतं तेव्हा, हे बोलणं हमखास कानावर पडतं.

"काका, साजाची ही एवढी एक कडी सुटलीय. तेवढी झाळून द्या की. मी थांबते हितंच."

"थांबू नका वैनी, ठेवून जावा. शनिवारी बघू."

वैनींना ही टाळाटाळ वाटते. कडी केवढी, तर साबुदाण्याएवढी. झाळायला, म्हणजे धातू वितळवून जोड द्यायला, वेळ किती, तर आच लागल्यापासून अर्धं मिनिट. त्यांचा हिशोब बरोबरच आहे. पण काकांना कडीमागची पानडी, म्हणजे साज या गळ्यातल्या हारातलं पोकळ नक्षीचं पान, दिसत असते. पानडीच्या पोटात लाख आहे. दोन पानं सोडून पाचू बसवलाय. सगळा साज धाग्यात गाठवलेला आहे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पूर्वी कुणीतरी मारलेली एक जुनी झाळ आहे, ती कशाची हे नुसतं बघून कळत नाही. कडी झाळायला सातशे-आठशे अंशांची आच हवी. धागा दोनशेच्या आतबाहेर करपतो, लाख साठ-सत्तरला मऊ पडते, आणि पाचू कधी तडकेल ते पाचूलाच ठाऊक.

हाताचा दागिना समजून घ्यायचा तर नक्षीपासून सुरुवात करू नये, आचेपासून करावी. नक्षी दिसते, तिचं कौतुक सगळेच करतात. दागिना उभा राहतो तो कारागिराने मनात ठरवलेल्या एका क्रमावर: आधी काय वितळवायचं, मग काय, आणि शेवटी कशाला आचेचा वाराही लागू द्यायचा नाही. जास्त आचेचं काम आधी, कमी आचेचं नंतर. आटणी (म्हणजे धातू वितळवणं), कडक झाळ, मऊ झाळ, लाख, मेणावरचा धागा, अशी ही शिडी उतरत यायची. एकदा खालच्या पायरीवर आलात की वरच्या पायरीवरचं राहिलेलं काम करायला परत जाता येत नाही. गेलात तर खालचं सगळं उधळतं.

शिडीच्या माथ्यावर शुद्ध धातू. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी ९६२ला, तांबं १०८५ला. शुद्ध सोन्याची पानडी कुणी करत नाही, कारण ती गळ्यात पडायच्या आधी बोटातच चेपते. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. दहा ग्रॅम शुद्ध सोन्यात साधारण नऊशे मिलिग्रॅम भर घातली की ते होतं. भर तांब्याची जास्त असेल तर सोनं लालसर आणि कडक होतं, चांदीची जास्त असेल तर पिवळं, किंचित हिरवट छटेचं आणि मऊ राहतं. आता यातली गंमत बघा. तांबं स्वतः सोन्यापेक्षा उशिरा वितळतं. पण सोन्यात मिसळलं की मिश्रण दोघांपेक्षाही आधी वितळतं. चांदीचं तर विचारूच नका. ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं एकत्र केलं की ७८० अंशांना त्याचं पाणी होतं. चांदीला एकटीला ९६२ लागतात, तांब्याला एकट्याला १०८५. दोघांची दोस्ती मात्र ७८०ला वितळते. सोनाराची सगळी झाळ या एका गोष्टीवर चालते.

आटणीत चुका कमी होतात, पण झाल्या की मोठ्या होतात. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, धातूवर सवागी (टाकणखार) टाकायची, म्हणजे मळ काचेसारखा वर येऊन बसतो. लगडीचा, म्हणजे ओतलेल्या धातूच्या कांडीचा, साचा आधी गरम करून तेलाचा हात फिरवायचा. थंड, दमट साच्यात ओतलं तर आतल्या ओलीची वाफ होते आणि धातू अंगावर उसळतो. चांदीची आणखी एक खोड आहे. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट पिऊन बसते आणि गोठताना तो एकदम सोडते. लगडीवर फोड येतात, शितोडे उडतात. म्हणून मुशीत वर कोळशाची पूड पसरायची. कोळसा प्राणवायू खातो, चांदी शांत गोठते.

मग पत्रा. पूर्वी ऐरणीवर ठोकून होत असे, आता रोलरमधून काढतात, आणि त्यात काही गमावलं असं मला वाटत नाही. हाताच्या कामाचं पावित्र्य लगड ठोकण्यात नसतं. मात्र रोलर असो की हातोडी, धातू दाबला की ताठरतो. निम्म्या जाडीवर आला की त्याला ताव द्यावाच लागतो: मंद लाल होईपर्यंत तापवायचा, लाली गेली की पाण्यात बुडवायचा. ताव द्यायचा कंटाळा केला की पत्र्याच्या कडा करवतीसारख्या फाटतात. पत्र्याचा रंग नीट दिसावा म्हणून ही कामं उजेडाच्या खिडकीपासून लांब करतात. उन्हात ठेवलेला तांबडा पत्रा डोळ्यांना करडाच दिसतो, आणि तो करडा आहे असं समजून आच वाढवली की क्षणात त्याचा गोळा होतो.

साजाला परंपरेनं २१ पानं. दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचू यांची, आणि एक डोरलं. चंद्र, शंख, नाग, कासव, मासा, भुंगा, बेलपान असे आकार, आणि मधे जवाच्या दाण्यासारखे जवमणी. आता बरेचदा दहा-बारा पानांवर भागवतात. सोनं महाग म्हणून पानं कमी केली असं म्हणतात, पण पान एक असो की एकवीस, प्रत्येकाला तीच सगळी पायपीट आहे. त्यामुळे पान कमी झालं की सोन्याइतकीच घडणावळही वाचते, हे कुणी बोलत नाही.

एक पानडी जवळून बघू. दर्शनी बाजू ठशात उठवलेली, मागची सपाट. पत्रा एक दशांश मिलिमीटरचा धरला तर बावीस कॅरेटच्या एका चौरस सेंटिमीटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास सोनं लागतं. दीड चौरस सेंटिमीटरची पानडी, दोन बाजू, म्हणजे अर्ध्या ग्रॅमला थोडं वर. एकवीस पानड्यांना अकरा ग्रॅम. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याच्या आत गळाभर दागिना कसा होत असे, त्याचं उत्तर या दशांश मिलिमीटरात आहे.

ठशावर पत्रा ठेवून वरून शिशाचा तुकडा ठोकायची पद्धत जुनी आहे. शिसं मऊ, ते पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यात ढकलतं आणि फाडत नाही. पण शिशासारखा सोन्याचा वैरी नाही. ठोकताना त्याचा डोळ्यांना न दिसणारा कण पत्र्याला चिकटून राहिला आणि पत्रा तसाच तावात गेला, तर शिसं सोन्यात उतरतं आणि तिथं टाचणीनं टोचल्यासारखं भोक पडतं. किंचित शिसंसुद्धा सोनं ठिसूळ करतं. म्हणून ठशातून निघालेला प्रत्येक पत्रा आगीजवळ नेण्याआधी शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक आम्लात) बुडवतात. तो शिसं विरघळवतो आणि सोन्याला हात लावत नाही. ही पाच मिनिटं वाचवणारा कारागीर पुढे दोन तास ठिगळं लावत बसतो.

दोन्ही बाजू जुळवून कडेनं झाळायच्या. त्याआधी एक भोक. हे भोक विसरलं की पानडी फुटते, आणि का ते सोपं आहे. खोलीत तीस अंशांवर असलेली हवा आठशे अंशांना साडेतीन पट जागा मागते. कोंडलेली हवा पातळ पत्रा फुगवते, किंवा वितळलेल्या झाळेतून वाट काढून बाहेर पडते आणि जोडात पोकळ्या ठेवून जाते. त्याहून वाईट प्रकार थंड होताना होतो. आतली हवा आकसते, आणि सांध्यात केसाएवढी फट जरी असली तरी पानडी ज्यात बुडवाल ते आत ओढून घेते. झाळेनंतरचा मळ काढायला तेजाबात बुडवली तर तेजाब. मग महिन्याभराने सांध्यातून हिरवट पाणी पाझरतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, सोनं खोटं आहे.

आता झाळ. सगळ्या कामाचा जीव इथं आहे, म्हणून इथं थोडं थांबू या.

झाळ म्हणजे दागिन्याच्याच धातूत थोडी भर वाढवून केलेला, त्याच्यापेक्षा आधी वितळणारा धातू. चांदीच्या कामात हिशोब सरळ दिसतो. शंभरात ७५ भाग चांदी आणि बाकी तांबं-जस्त असलेली कडक झाळ ७७० अंशांच्या आसपास पूर्ण वाहते. ७० भागांची ७४०च्या आसपास, ६५ भागांची ७२०च्या आसपास. म्हणजे तीन पायऱ्यांत मिळून पन्नास अंशांचं अंतर. ज्या दागिन्यात तीन टप्प्यांत जोड द्यायचे त्याला पहिल्यांदा ७५ची, मग ७०ची, शेवटी ६५ची. क्रम उलटा केला तर दुसरा जोड देताना पहिला सुटतो. बावीस कॅरेट सोन्यात अंतर आणखी कमी. दागिन्याचं सोनं साडेनऊशे ते हजारच्या मधे कुठेतरी वितळणार, आणि झाळेलाही कस ९१६चा राखायचा, म्हणजे भर घालायला जागा फार थोडी. एकेकाळी यावर कॅडमियमचा तोडगा निघाला. सोन्याचा कस न उतरवता झाळ झरझर वाहायची, आणि 'केडीएम' हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर शुद्धतेची खूण म्हणून झळकला. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. सोनं झाळायची आच त्याच्या वर. म्हणजे प्रत्येक झाळेला त्याची वाफ फुंकणाऱ्याच्या छातीत. गिऱ्हाईक ज्या अक्षरांवर विश्वास ठेवून सोनं घेत होतं ती कारागिराच्या फुप्फुसांच्या हिशोबात लिहिलेली होती. आता कॅडमियमऐवजी जस्त किंवा इंडियम घालतात.

झाळेचे तुकडे खसखशीएवढे कापायचे. सवागी दगडावर पाण्यात उगाळून गंधासारखी करायची आणि कुंचल्यानं सांध्यावर लावायची. धातू तापला की त्याच्यावर काळी साय धरते, आणि सायीवर झाळ वाहत नाही. सवागी वितळून ती साय विरघळवते आणि हवेला आड येते. पण कच्च्या सवागीत पाणी असतं. आच एकदम दिली की तिची लाही फुलते आणि खसखशीचे दाणे उडून कुठल्या कुठे जातात. आधी लांबून, हळू. सवागी फुलून परत बसू द्यायची. उडालेले दाणे चिमट्यानं जागेवर ढकलायचे. मग आच.

नवशिक्याची चूक ठरलेली: तो ज्वाळा झाळेवर धरतो. झाळ लहान, ती लगेच वितळते. दागिना अजून थंड, म्हणून ती वाहत नाही, तिचा मोती होऊन जागच्या जागी बसते. झाळ आचेच्या मागं धावते. दागिन्याचे दोन्ही भाग सारखे तापवायचे, सांधा झाळेच्या वितळबिंदूवर आला की झाळ आपणहून फटीत शिरते. एक बारीक चमचमती रेघ सांध्यातून पळताना दिसते, पाणी टिपकागदात पळतं तशी. ती दिसली की त्याच क्षणी ज्वाळा बाजूला. आणखी दोन सेकंद थांबलं की दशांश मिलिमीटरचा पत्रा सुरकुततो, आणि सुरकुतलेला पत्रा परत सपाट होत नाही. कडी झाळताना एक बाजू जाड पानडीची आणि दुसरी केसासारख्या तारेची असते. तिथं ज्वाळा पानडीवर ठेवायची, तारेवर नेऊसुद्धा नये. तार शेजारच्या उबेनंच तापते.

फुंकणीनं हे करणारे हात आता कमी उरलेत. तेलाच्या दिव्याची ज्वाळा फुंकरीनं वाकवून कोळशावरच्या दागिन्यावर आणायची, आणि फुंकर तुटू द्यायची नाही. गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायचा आणि तोंडानं फुंकत राहायचं. गॅसची बत्ती आली, काम सोपं झालं, आणि ते बरंच झालं. पण फुंकणीची ज्वाळा सुईसारखी बारीक करता येते आणि ती श्वासासरशी थांबते. रव्याच्या कामात तिला तोड नाही.

रवा म्हणजे सोन्याचे मोहरीहून बारीक गोळे. तारेचे सारखे तुकडे कापायचे, कोळशाच्या पुडीत थर देऊन मुशीत तापवायचे. वितळलेला प्रत्येक तुकडा स्वतःच गोल होतो, कारण द्रवाला गोल व्हायचंच असतं. इथं नेहमीची झाळ चालत नाही, ती गोळ्याभोवती तळं करून बसते आणि रवा पुरल्यासारखा दिसतो. जुनी युक्ती अशी की तांब्याचा क्षार डिंकाच्या पाण्यात कालवून त्यात रवा चिकटवायचा. आचेवर डिंकाचा कोळसा होतो, तो क्षारातून तांबं मोकळं करतो, आणि गोळा पत्र्याला टेकतो तेवढ्याच टिंबावर सोनं-तांब्याचं मिश्रण होऊन वितळतं. बाकी गोळा कोरडा. भिंग लावून बघितलं तरी जोड सापडत नाही.

आधीचे जोड सांभाळायचे असतील तर त्यांच्यावर गेरू कालवून लावतात, किंवा शिसपेन्सिलीची रेघ मारतात. ती रेघ ओलांडून झाळ जात नाही. भाग धरून ठेवायला बारीक लोखंडी तार बांधतात. त्यातही मेख आहे. सोनं लोखंडापेक्षा जास्त पसरतं, त्यामुळे घट्ट बांधलेली तार तापल्यावर पानडीत रुतते. तारेला मधे मधे नागमोडी वाक दिला की तो सरळ होऊन पसरण्याला जागा देतो. आणि ती तार काढल्याशिवाय दागिना तेजाबात टाकायचा नाही. लोखंड तेजाबात गेलं की तिथलं विरघळलेलं तांबं दागिन्यावर येऊन बसतं आणि अख्खा साज तांब्याच्या भांड्यासारखा लाल होतो. त्यासाठी तेजाबात चिमटासुद्धा तांब्याचा किंवा लाकडाचा.

१९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर करायचे नाहीत असा नियम झाला. त्याची आठवण राजकारणाच्या अंगानं काढली जाते. पाटावर बसलेल्या माणसाच्या अंगानं बघा. चौदा कॅरेट म्हणजे हजारात ५८५ सोनं. ते बावीसपेक्षा कितीतरी कडक, दाबलं की उसळी मारतं, तापलं की काळं पडतं, आणि वितळतं बरंच आधी. पिढ्यान्‌पिढ्या बावीसच्या रंगावर आच ओळखणाऱ्या डोळ्याला तो रंग दिसायच्या आत दागिना बसकण मारायचा. झाळी बदलल्या, ताव बदलले, ठशातून पत्रा नीट उठेना. गिऱ्हाईकानं पाठ फिरवली ती वेगळीच. पुढे चौदाची अट गेली. १९६८चा कायदा मात्र १९९०पर्यंत होता.

चांदीकडे वळलं की आचेचा स्वभावच पालटतो. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत चटकन वाहून नेते. सोन्याची कडी कोपऱ्यात तापवता येते. चांदीच्या ताटाएवढ्या पत्र्याचा एक कोपरा तापवायचा म्हणजे सगळा पत्रा तापवावा लागतो. देवळातली प्रभावळ, मखर, पालखी, गाभाऱ्याचा दरवाजा या कामांत म्हणूनच झाळ जवळजवळ नसते. पत्र्याचे तुकडे वेगवेगळे उठवायचे, सागवानी लाकडावर कडा वळवून बसवायचे, चांदीचे खिळे मारायचे. खिळ्यांची ती ओळ नक्षीचा भाग वाटते.

हे उठावाचं काम होतं राळेवर. राळ, विटकरीची बारीक पूड आणि थोडं तेल एकत्र कढवून केलेलं हे गादीसारखं आसन. पत्र्याला खाली आधार हवा आणि ठोक्यासरशी थोडं दबायलाही हवं. राळ दोन्ही करते. तेलाचं प्रमाण ऋतूवर. थंडीत तेल कमी पडलं की राळ काचेसारखी तडकते आणि पत्रा उचकटून हातात येतो. चैत्रात जास्त झालं की ठोक्याला धरच राहत नाही, नाक उठवायला गेलं की गालही खाली जातो. पत्रा चिकटवताना खाली हवेचा बुडबुडा राहिला तर छिन्नी तिथं आरपार जाते. म्हणून अनुभवी कारागीर काम सुरू करण्याआधी पत्राभर बोटाच्या नखानं टकटक करत जातो. भरीव जागी आवाज बसका येतो, पोकळ जागी मोकळा.

देवीचा मुखवटा घ्या. आधी मागून, बोथट तोंडाच्या कलमांनी, मोठे उंचवटे: कपाळ, गाल, हनुवटी. पत्रा ताठरला की हातोडीचा आवाज बारीक, धातूसारखा होतो. तीच तावाची वेळ. राळेवरून काढायचा, चिकटलेली राळ जाळायची, ताव, धुणं, परत राळ. असे आठ-दहा फेरे सहज होतात. मग पुढून, बारीक कलमांनी, डोळ्यांच्या पापण्या, मळवट, नथ. अवघड असतं नाक. पत्रा जितका उंच ओढाल तितका तिथं पातळ होतो, आणि नाकाचा शेंडा सगळ्यांत उंच. हुशार कारागीर नाक ठोकून वर काढत नाही. सभोवतीचा धातू हळूहळू नाकाकडे गोळा करत आणतो आणि मग आजूबाजूची जागा खाली बसवतो. मुखवटा जुना असेल तर उजेडासमोर धरून बघावा. नाकाच्या शेंड्याशी किंवा भुवईच्या कडेला टाचणीएवढा प्रकाश दिसला तर घाई कुठं झाली ते कळतं. त्या भोकाला मागून ठिगळ झाळतात. ते पुढून दिसत नाही, पण तिथला पत्रा आयुष्यभर मऊ राहतो.

परत साजाकडे. झाळी झाल्या, तेजाबातून निघाला, धुतला. आता लाख. त्याआधी पानडी पूर्ण वाळवायची. आत थेंबभर पाणी असेल तर गरम लाख शिरताच वाफ होते आणि लाख भोकातून पिचकारीसारखी बाहेर येते. लाखेत राळ आणि खडूची किंवा विटकरीची पूड कालवलेली असते. तिची बारीक वात ओढून, कोमट केलेल्या पानडीच्या भोकातून थोडी थोडी भरायची. पानडी थंड असली तर लाख तोंडाशीच गोठते आणि आत पोकळ राहतं.

लाखेला लबाडी समजणं चूक आहे. दशांश मिलिमीटरचा पत्रा लाखेशिवाय बोटानं चेपेल. लबाडी होते ती वजनात. अर्ध्या ग्रॅमच्या पानडीत लाख किती मावते? दोन मिलिमीटर खोली धरली तर पोट ०.३ घन सेंटिमीटरचं, आणि पूड घातलेली लाख त्यात सोन्याच्या पाऊणपट वजनाची सहज बसते. म्हणजे काट्यावर वीस ग्रॅम दिसणाऱ्या पानड्यांत सोनं अकरा-बारा ग्रॅमच असू शकतं. म्हणून पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्यावं. लाख भरायच्या आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही वजन चांगला सोनार टिपून ठेवतोच, त्याला विचारायला संकोच नको.

आणि लाखेचा दागिना उकळत्या पाण्यात टाकू नये. चांदीसाठी सांगतात ती फॉइल-सोड्याची युक्ती इथं नको. मे महिन्यात बंद गाडीत पुढच्या काचेशी ठेवू नये. गळ्यात घातल्यावर सेंट मारू नये, कारण स्पिरिट लाख विरघळवतं आणि भोकाचं बूच मोकळं करतं. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच पुसणं, एवढं पुरतं.

शेवटची पायरी धाग्याची. पटवेकरी मेण ओढलेला धागा पानड्यांच्या कड्यांतून आणि जवमण्यांतून नेतो, मधे गाठी देतो. धागा झिजतो तो घामानं, आणि कापला जातो तो मण्याच्या भोकाच्या धारेनं. भोक आतून कानसलं नसेल तर धागा कितीही चांगला असो, तो टिकत नाही. म्हणून साज पुन्हा पुन्हा तुटत असेल तर पटवेकऱ्याला बोल लावण्याआधी मणी सुईच्या टोकाला अडकवून फिरवून बघावा. खरखर लागली तर दोष सोनाराचा.

पाटाखाली चामडं पसरलेलं असतं, त्यावर कानशीचा कीस पडतो. तो गोळा होतो. जो निसटतो तो केरात जातो, आणि केर झारेकऱ्याकडे. धुऊन, पाऱ्यात धरून, ३५७ अंशांना पारा उडवून तो सोनं परत काढतो. पाऱ्याची ती वाफ कॅडमियमच्याच जातीची आहे, म्हणून हे काम घरात, पोराबाळांत होऊ नये.

आता वैनींची कडी. काका ती शुक्रवारी हातात घेतात. आधी पटवेकऱ्याकडून धागा उसवून तेवढी पानडी मोकळी होते. पाचू लांब राहिला, ही मोठी काळजी मिटली. भिंगाखाली जुनी झाळ बघायची. करडी, मऊ, सुईनं ओरखडली जाणारी दिसली तर ती शिसं-कथलाची. १८३ अंशांना वितळते, लाख न काढता भागवता येतं, म्हणून कुणीतरी कधी काळी मारलेली. ती पूर्ण खरवडून, तेजाबात विरघळवून काढल्याशिवाय पुढे पाऊल नाही. लाल आचेवर तिचा कणसुद्धा पानडी खाईल. मग पानडी शेकून भोकातून लाख ओघळू द्यायची, उरलेली स्पिरिटनं धुवायची, वाळवायची. हे सगळं झालं की कडी, सवागी, एक खसखस झाळ, आणि वैनींनी बरोबर ओळखलेलं ते अर्धं मिनिट. पुन्हा तेजाब, पाणी, सोडा, पाणी, सुकवणं, जिलई, लाख, बूच.

पटवेकऱ्याकडे परत पाठवायच्या आधी काका पानडी कानाशी धरून हलवतात. आत काही खुळखुळलं तर लाख पत्र्याला धरलेली नाही, आणि साज सोमवारवर जातो.